टकलावरचं कासव

अण्णांच्या टकलावर कासव उमटलं. अर्थात, तसं काही झालंच नाही, असं घरात ठरलंय.

ताईने भेटकार्डांवर मारायचे प्राण्यांचे लाकडी ठसे दिवाणाच्या कप्प्यांत लावले. आत जो प्राणी, त्याचा ठसा बरोबर वर मारायचा, म्हणजे शोधाशोध नको, हा तिचा नियम. कासवांच्या कप्प्यावर नेमके अण्णा डोकं ठेवून घोरत होते. संध्याकाळी सोसायटीची निवडणूक होती आणि त्यांना अध्यक्ष व्हायचंच होतं.

"अगं कार्टे, उठवायचं तरी!" आई कुजबुजली.

"झोपमोड नको म्हणून तर अलगद मारला."

लग्नानंतर पहिल्यांदाच आईने अण्णांच्या डोक्याला खोबरेल चोळलं. अण्णा विरघळले, कासव नाही. मग भर मे महिन्यात तिने त्यांना कानटोपी घातली.

भाषणात घाम फुटला आणि अण्णांनी टोपी काढली.

"आपली बंद पडलेली लिफ्ट किती वेगाने दुरुस्त होणार, ते डोक्यावर छापून आलेला पहिलाच प्रामाणिक उमेदवार!" शेजारच्या खर्शीकरकाकू म्हणाल्या. अण्णा एकमताने निवडून आले.

घरी ताई शाईची डबी घेऊन उभीच होती. "माननीय अध्यक्षांना नम्र विनंती, उद्यापासून कृपया पायथ्याकडे डोके करून झोपावे. मोरांचा कप्पा तिकडे आहे."