दुसरं कडवं

देवानंदनं थोरलीला मांडीवर घेतलं, तिच्या लाकडाला हनुवटी टेकवली आणि दोन टेपरेकॉर्डरांची बटणं एकदम दाबली. एकातून लेकीची, ताराची, पेटी वाजू लागली. तिच्याखाली तो बेसचे सूर भरत गेला आणि दुसऱ्या टेपवर दोन्ही मिळून उतरू लागलं. त्याचा स्टुडिओ तो हाच.

थोरली आणि धाकटी या त्याच्या दोन जुन्या बेस गिटारी. धाकटी लाल, नखरेल, नागपूरच्या एका बँडवाल्याकडून सहासष्ट साली घेतलेली. गणपतीत ऑर्केस्ट्रासोबत मिरवायची ती. थोरली कलकत्त्याची, मान जराशी वाकलेली, पण तिचा आवाज थेट छातीत उतरायचा. बायको, वसुंधरा, दोघींना सवती म्हणायची. ती गेली. मग लेक लग्न होऊन गोंदियाला गेली आणि घरात सवतीच तेवढ्या उरल्या.

हथखोजच्या एका कारखान्यात, लोखंड ठोकणाऱ्या मोठ्या घणापाशी, त्यानं बावीस वर्षं काढली होती. आजकालचे गाणारे शब्द खातात, अशी त्याची तक्रार असायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला तोंडावर सांगणारी वसुंधरा आता नव्हती.

ताराची ही तिसरी कॅसेट. पत्रं यायची ती तिच्या सासऱ्यांच्या अक्षरात, 'सर्व खुशाल' एवढंच सांगणारी. गोंदिया रेल्वेनं जेमतेम तीन तासांवर, पण बोलावल्याशिवाय लेकीच्या सासरी कसं जायचं? शिवाय पोरगी गाते म्हणजे सुखातच असणार. गायची ती दर वेळी एकच गाणं. आईनं तिच्यासाठी जुळवलेली अंगाई, चिमणीच्या घरट्याची, चार कडव्यांची. टेपवर तिचा आवाज त्याला पुसटच यायचा, पण काही अडत नव्हतं. शब्द पाठ होते. पेटी पुढं सरकेल तसा तो मनातल्या मनात कडवं म्हणायचा आणि बेस टाकायचा. मग सजवलेलं गाणं पोस्टानं गोंदियाला. सोबत चिठ्ठी: 'छान म्हटलंस. पुन्हा म्हण.' महिन्याभरात नवी कॅसेट हजर. एकटा माणूस तेवढ्या आशेवर महिना काढतो.

गाणं संपलं आणि दार धाडकन उघडलं. शेजारच्या राधाबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद करून बाहेर आल्या.

"भाऊजी, कुकरनं शिट्ट्या मारून मारून कॉलनी डोक्यावर घेतली! ऐकू नाही येत काय तुमाले?"

"वाजवून राहिलो होतो ना, वहिनी," तो ओशाळून म्हणाला. "बसा आता. आपल्या ताराचं गाणं ऐका. मी बेस टाकला त्यात."

त्यानं टेप मागं नेऊन लावली. राधाबाई पदराला हात पुसत बसल्या. तारा त्यांच्या कडेवर वाढली होती, ही अंगाई त्यांच्याही कानावरची. पहिल्या कडव्याला त्या मान डोलवू लागल्या. देवानंदला फार बरं वाटलं. गाणं ऐकायला त्या घरात कितीतरी दिवसांनी दुसरं माणूस बसलं होतं.

दुसऱ्या कडव्याला त्यांची मान थांबली.

"बेस जास्त झाला काय?"

राधाबाईंनी त्याला हातानंच गप्प केलं आणि टेपला कान लावला. शेवटपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. गाणं संपलं तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते.

"वसुंधरेची आठवण येते ना?" तो म्हणाला.

त्या उठून त्याच्या अगदी समोर आल्या आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊजी, चाल अंगाईची आहे, बोल पोरीचे आहेत. पहिल्या कडव्यानंतर चिमणी नाहीच त्यात."

"मग काय म्हणून राहिली?"

"इथं मले मारतात, म्हणते. पत्र लिहू देत नाहीत. पेटी जोरात वाजवून हळू म्हटलं की घरच्यायले गाणंच वाटते. बाबा, मले न्याले या."

देवानंदच्या मांडीवरून थोरली घसरली. त्यानं ती सावरली नाही.

"पण पहिल्या दोन्ही कॅसेटीत गाणंच होतं, वहिनी," तो काकुळतीनं म्हणाला. "मी ऐकलं ना. सगळं ऐकलं."

राधाबाईंना त्याच्याकडे बघवेना. पण सांगणं भाग होतं.

"शेवटच्या कडव्यात तेही आहे," त्या म्हणाल्या. "म्हणते, बाबा, तुमी लिहिलं, छान म्हटलंस, पुन्हा म्हण. म्हणून मी पुन्हा म्हणून राहिली."