बोकडाच्या पाठीवरचं पाणी

संपतरावांनी बोकडाच्या पाठीवर पाणी ओतलं आणि अंगणातली सगळी माणसं पुढं सरकली.

घरची रीतच होती. मोठं काही ठरवायचं असलं की देवासमोर बोकड उभा करायचा. पाणी पडल्यावर अंग झाडलं तर देव हो म्हणाला, नाही झाडलं तर नाही. आज प्रश्न रागिणीचा होता. एम.एस्सी. झालेल्या लेकीला संशोधनासाठी बंगळूरला पाठवायचं की नाही? आई सत्यभामाबाई नाहीवर अडून बसलेल्या, रागिणी होवर. दोघींच्या कात्रीत सापडलेल्या संपतरावांनी भार देवावर टाकला होता.

बोकड ढिम्म.

"तिथं शिकणार तरी काय, बाई?" मामा अमृतरावांनी विचारलं.

"नव्या तऱ्हेचा कॉम्प्युटर, मामा. आताचा सगळं हो-न्हाईमधी लिहितो. दिव्यांची रांग समजा. एकेक दिवा पेटलेला, न्हाई तर विझलेला."

"आपल्या पुसेगावात विझलेलाच!" मामा म्हणाले.

सगळे हसले. रागिणीही हसली. "नव्यातला दिवा पेटलेला बी असतो अन् विझलेला बी. तीन दिव्यांच्या आठ तऱ्हा होतात. आताचं यंत्र एका वेळी एकच तऱ्हा धरतं, नवं आठही एकदम धरतं. पण बघायला गेलं की एकच हाती लागते."

"म्हंजे आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच ना?"

"न्हाई मामा. ठरलेलंच नसतं."

बोलता बोलता तिची नजर बोकडाकडे गेली. पाणी केसांवरून ओघळत होतं. अजून हो नव्हतं, नाहीही नव्हतं. त्या घडीला ती बंगळूरच्या गाडीत बसलेली होती आणि याच अंगणात सडा टाकत होती, आणि दोन्ही सारखंच खरं वाटत होतं. इतके दिवस कागदावर मांडलेलं आज अंगावर काटा आणून गेलं. जग मुळातच असं असेल तर केवढं अफाट आहे! तिचे डोळे भरून आले.

सगळे बोकडाकडे बघत होते. सत्यभामाबाई मात्र लेकीकडे बघत होत्या. तिचा असा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"देवाच्या मनात न्हाई," म्हणत संपतरावांनी तांब्या खाली ठेवला.

"थांबा वो."

सत्यभामाबाई पुढं झाल्या. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि सरळ बोकडाच्या कानात सोडलं. बोकडानं असं अंग झाडलं की अमृतरावांचं धोतर भिजलं.

"अगं, हे काहून केलंस?" संपतराव चमकले. "तूच तर न्हाई म्हणून राहिली होतीस!"

सत्यभामाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"देव कवाचा दोन्ही म्हणून राहिला होता," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बघायला नको?"