यंदा खरी परीक्षा

"आता डिसेंबरपासून उलटे महिने म्हण," डॉक्टर टूही म्हणाल्या.

फिंटनने दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून धरले. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट..." पुढे काहीतरी होतं. नक्की होतं. "जून," तो म्हणाला, आणि तिथून धडपडत कसाबसा जानेवारीला पोचला.

डॉक्टरांना हसू आवरेना. "अरे, जुलै चालू आहे! चालू महिनाच गिळलास?"

फिंटनही हसला. मनातल्या मनात मात्र तो महिने पुन्हा मोजू लागला.

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या या मैदानावर रग्बीचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची ही चाचणी होते. ऐकलेले शब्द सांगा, आकडे उलटे म्हणा, डोळे मिटून एका रेषेत पावलं ठेवून उभे राहा. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा घेतात, आणि आजच्यापेक्षा गुण कमी पडले तर खेळाडूला बाहेर बसवतात. म्हणजे आज जितके कमी गुण, तितकं सोयीचं. त्यामुळे दरवर्षी जुलैत हे सगळे धटिंगण वेड पांघरून पेडगावला जातात, आणि डॉक्टरांनाही ते पुरतं ठाऊक असतं. फिंटनच्या आधी आत जाऊन आलेला मॉसी क्रॉटी, संघातला सगळ्यात बुटका गडी, दारातच छाती फुगवून सांगत होता, "मी फेब्रुवारी दोनदा म्हटला!"

फिंटन हेफरनन दहा हंगाम स्क्रमच्या, म्हणजे दोन संघांनी डोक्याला डोकं भिडवून केलेल्या रेटारेटीच्या, पुढच्या फळीत डोकं घालत आला होता, आणि दहाही वर्षं त्याने हेच सोंग केलं होतं. यंदा नाही. सकाळी चहा ओतता ओतता त्याची बायको ग्रॉन्या थांबली होती.

"हा किस्सा तू मला तिसऱ्यांदा सांगतोयस, फिंटन. कालपासून तिसऱ्यांदा." मग किटली खाली ठेवून ती म्हणाली, "एकदा खरी परीक्षा दे. निकाल चांगला आला तर खेळ बाबा, मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

त्याने कबूल केलं होतं. बायकोच्या मनातली भीती एकदाची जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. स्वतःला तो तेव्हा अजिबात घाबरला नव्हता.

"दहापैकी चार शब्द," डॉक्टर कागदावर नजर टाकत म्हणाल्या. "गेल्या वर्षी निदान सहा तरी सांगितले होतेस. नाटक सुधारतंय हां तुझं! आईने उगाच रग्बीत घातलं तुला. डब्लिनला नाटक कंपनीत पाठवायला हवं होतं."

आता फक्त हसायचं, सही करायची आणि उठायचं. इतके कमी गुण नोंदले गेले की वर्षभर त्याला कुणी मैदानाबाहेर काढू शकणार नव्हतं. शनिवारी सराव सामना होता. नाताळच्या आत दोन वर्षांचा नवा करार व्हायचा होता, बहुतेक शेवटचा.

पण गेल्या वर्षीचे सहा सोंगाचे होते, आणि आजचे चार खरे.

"डॉक्टर, मी सोंग करत नव्हतो."

"हे पण सगळेच म्हणतात."

"पुन्हा घ्या. दुसरे शब्द घ्या. आईशप्पथ सांगतो, जीव ओतून देतो या वेळी."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या इथल्या नऊ वर्षांत पुन्हा परीक्षा मागणारा हा पहिलाच. "बरं बाबा, होऊन जाऊ दे," म्हणत त्यांनी दुसरा कागद काढला आणि सावकाश दहा शब्द वाचले. फिंटन त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होता. एकेक शब्द त्याने मनात घट्ट धरला.

"हं, सांग."

"होडी," तो म्हणाला. "लोणी. घंटा." खिडकीबाहेर भुरभुर पावसात संघ पळत होता, एकमेकांना नावं घेऊन हाका मारत होता. "लोणी."

"ते झालं."

"घोडा."

"घोडा मघाच्या यादीत होता, फिंटन."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर घेतली.

"आज इथवर गाडी तूच चालवत आलास?"

"हो. का?"

"किल्ली दे माझ्याकडे. मी ग्रॉन्याला बोलावून घेते."

"पण शनिवारी..."

"किल्ली दे, राजा."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला राजा कधी म्हटलं नव्हतं. त्याने खिसा चाचपून किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"राहिलेले कोणते?" त्याने विचारलं. "तेवढे सांगा ना."

"जाऊ दे आता."

"सांगा हो."

डॉक्टरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग कागद उचलून हळू आवाजात वाचलं, "शिडी. कोपर. मीठ. गालिचा. पाळणा. टोपी. कुंपण."

फिंटनने नीट कान देऊन ऐकलं. यातला एकही शब्द मघाशी उच्चारला गेला नव्हता, असं तो शपथेवर सांगू शकला असता.