जकातनाक्यावरचा पहारा

"हा पास्को मला पसंत नाही," उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्याने उडवत बार्नबस थॉर्प म्हणाला. "का, ते विचारू नकोस. कारणं पुष्कळ आहेत."

"मी विचारलंच नाही, दादा," हेस्टर म्हणाली आणि तिने त्याच्या कपात चहा ओतला.

हेस्टर एकोणीस वर्षांची. बार्नबस चौतिशीचा, अविवाहित, ऑल्डरबी गावातला सगळ्यात मोठा जमीनदार. वडिलांनी मरताना हेस्टरचा हात त्याच्या हातात दिला होता. तो त्याने अजून सोडला नव्हता. चहा त्याला तिच्याच हातचा लागे, चष्मा तिलाच सापडे, संध्याकाळी वर्तमानपत्र तीच वाचून दाखवी. अशी बहीण उपऱ्याच्या घरी पाठवायची म्हटल्यावर भावाच्या काळजाला घरं पडणारच.

उपरा म्हणजे लेफ्टनंट गिडियन पास्को. फ्रान्सशी लढाई मिटल्यापासून आरमाराला त्याची गरज उरली नव्हती. अर्ध्या पगारावर तो गावात खोली घेऊन राहत होता. गेल्या महिन्याच्या नाचाला तो हेस्टरबरोबर दोनदा नाचला. तिसऱ्यांदा त्याने हात पुढे केला, तेव्हा मध्ये बार्नबस उभा होता.

"कायदा माझ्या बाजूने आहे," बार्नबस पुढे म्हणाला. "एकवीस पुरी होईपर्यंत माझ्या होकाराशिवाय तुला लग्नाचा परवाना मिळत नाही. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारून लग्न करता येतं. पण पालकाने उठून एकदा 'नाही' म्हटलं की बारगळलं. तो गप्प बसला तर मात्र राजालाही ते मोडता येत नाही. मी काय गप्प बसणाऱ्यातला आहे?"

"छे! तुला गप्प बसलेलं कुणी पाहिलंय?"

"मग उरलं काय? स्कॉटलंड. सरहद्द ओलांडली की तिकडे बापाला विचारत नाहीत, तिथे भावाला कोण पुसतो? पण पळून जाऊन लग्न केलेल्या बाईला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे लक्षात ठेव."

"ठेवलंय, दादा," हेस्टर म्हणाली. "अंडं गार होतंय."

त्याच आठवड्यात बार्नबसला तिच्या शिवणाच्या पेटीत अर्धवट पत्र सापडलं. पेटी त्याने कात्री शोधायला उघडली होती. कात्री टेबलावर होती.

'रविवारी सगळा गाव चर्चमध्ये असेल, तेव्हा जकातनाक्यापाशी गाडी घेऊन थांबा,' एवढंच होतं. कोणता रविवार, ते नव्हतं. बायकांच्या पत्रात तारीख कधी नसते, असं बार्नबसचं जुनं मत होतं.

त्याने आरडाओरडा केला नाही. घराला दारं सात आणि खिडक्या एकवीस. उत्तरेला, स्कॉटलंडकडे जाणारा रस्ता मात्र एकच, जकातनाक्यावरून. रविवारी सकाळी हेस्टरचं डोकं दुखू लागलं, तेव्हा तो मनात हसला आणि घोड्यावर बसला.

नाक्यालगतच्या सराईत तो खिडकी धरून बसला. दहाच्या सुमाराला पास्कोची भाड्याची गाडी आली.

"कुठे निघालात, लेफ्टनंटसाहेब?"

पास्को दचकला. "जरा हवा खायला."

"चार घोडे जुंपून?"

"लांबची हवा आहे."

"ती येणार नाही," बार्नबस म्हणाला. "बसा. मटण गार आहे, पण बरं आहे."

दोघे एकाच टेबलाशी, एकमेकांवर डोळा ठेवून जेवले. दुपारी एक वाजता गाडी रिकामीच परतली.

पुढच्या रविवारी पुन्हा डोकं दुखलं, पुन्हा गाडी आली. या खेपेला पास्कोने सोंगट्यांचा पट आणला होता. बार्नबसने त्याला लागोपाठ तीनदा हरवलं.

"आरमारात हेच शिकवलं का तुम्हाला?"

"आम्हाला थांबायला शिकवलं. फ्रेंच जहाजांना बंदरात कोंडून दोन वर्षं समुद्रात उभे होतो. गोळी झाडायची नाही. शत्रू जागचा हलू नये, एवढंच काम."

"मग माझंही तेच काम चाललंय," बार्नबस म्हणाला आणि आणखी एक सोंगटी मारली.

पहाऱ्याची बातमी गावात फुटली असावी. लोक त्याला नेहमीपेक्षा खाली वाकून हॅट काढू लागले. खाटकाने आपणहून उत्तम तुकडा पाठवला. एका म्हाताऱ्या विधवेने तर भर रस्त्यात त्याचा हात दाबला आणि डोळे पुसले. बार्नबसला बरं वाटलं. घरात मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. विचारल्याशिवाय नोकरांनी तोंड उघडायचं नाही, ही शिस्त त्यानेच लावली होती.

तिसऱ्या रविवारी एक वाजला, तसा पास्कोने पट मिटला.

"पुरे झालं, थॉर्पसाहेब. मी शब्द देतो. हेस्टरला मी स्कॉटलंडला नेणार नाही. आज नाही, कधीच नाही."

त्याच्या डोळ्यांत खोट दिसत नव्हती. बार्नबसने हात पुढे केला. "माणूस तसे तुम्ही वाईट नाही. खेळता वाईट."

घोडा त्याने रमतगमत घराकडे वळवला. बहीण वाचली होती. संध्याकाळी वर्तमानपत्र ऐकताना तिच्याशी थोडं गोड बोलायचं, असं त्याने ठरवलं.

चर्चच्या फाटकातून पाद्रीबुवा झगा सावरत धावत आले आणि त्यांनी लगाम धरला.

"थॉर्पसाहेब, आज तिसऱ्यांदा पुकारलं! हेस्टर थॉर्प आणि गिडियन पास्को, कुणाची हरकत? दर खेपेला मी तुमच्या बाकाकडे बघत थांबलो, अख्खा गाव मान वळवून थांबला. स्वतः चर्चबाहेर राहून इतक्या मोठ्या मनाने होकार देणारा भाऊ मी तरी जन्मात पाहिला नाही."