ओल आलेली भिंत

रंगाऱ्यानं रंगाचा तिसरा हात दिला, तरी भिंतीवरचा ओलीचा डाग पुन्हा उमटलाच. घरमालकीण काकूंनी आधीच बजावलं होतं, "डाग दिसला, तर इमारतीतली बाकीची घरं विसरा." आता त्या जिना चढत होत्या. डागाला पाठ होती, पोट होतं, शिंगंसुद्धा! रंगाऱ्यानं खिडक्यांच्या काळ्या रंगानं भराभर पाय आणि शेपूट जोडली. काकू दारातच थबकल्या. "अगंबाई, ही म्हैस इथं कुणी बांधली?" "आधीपासून होतीच काकू, मी फक्त पाय दिले." काकूंना हसू आवरेना. "राहू द्या. ओल तरी पिऊन टाकील." हळूहळू इमारतभरच्या डागांची मासे-बदकं झाली. मग गल्लीपलीकडच्या बाईंनी बोलावलं. त्यांची भिंत कोरडी ठणठणीत. "इथं काय काढू?" "ते चित्रकारानं ठरवायचं ना!" रंगारी भिंतीसमोर फतकल मारून बसला. रंग कालवायची त्यानं पहिल्यांदाच घाई केली नाही.