इंजिनाच्या आवाजात

डोंगरावरून अचानक समुद्रावर झेपावणारा, 'बुरा' नावाचा सोसाट्याचा वारा सुटायच्या आत बंदर गाठायचं म्हणून शिमेनं शीड उभं असतानाच इंजिनही लावलं. बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेली त्याची बायको तोंका ओरडली, "इंजिन बंद कर! कुणीतरी हाक मारतंय." "इथं कोण मारणार, मासे? वारा आहे गं तो. हे बंद केलं तर परत सुरू व्हायचं नाही." तोंका धडपडत आली आणि तिनंच ते बंद केलं. धडधड थांबताच शिडाच्या आडून माणसाचा आवाज आला, अगदी जवळून. उलटलेल्या होडीला एक म्हातारा बिलगला होता. दोघांनी त्याला वर ओढलं, तसा तो मागे वाऱ्यानं फेसाळून पांढऱ्या होत चाललेल्या पाण्याकडे हात दाखवू लागला. "माझा भाऊ त्या मागच्या किनाऱ्याकडे पोहत निघाला होता. तुम्ही त्याच्या शेजारूनच आलात. हाका मारत होता तो." शिमेनं इंजिनाला हात न लावता बोट शिडावरच माघारी वळवली.