चेंडू कुणाचा

चेंडू वर गेला आणि संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात क्षणभर दिसेनासा झाला. चेंडूही पिवळाच, लोकरीचा. गुण अठ्ठावीस-अठ्ठावीस झाले होते. पुढचा गुण ज्याचा त्याचा डाव. बॉल बॅडमिंटनच्या कोर्टावर मधोमध खेळणारा उमाकांत मान वर करून मागे मागे सरकत होता.

नागपूरहून बदली होऊन मद्रासला आलेल्या या रेल्वेच्या कारकुनाने महिन्याभरापूर्वीच पहिल्यांदा रॅकेट हातात धरली होती. एग्मोरच्या क्वार्टर्समागचं हे कोर्ट जुन्या खेळाडूंचं. नव्यांनी रविवारी सकाळी आपसात खेळावं, असा कप्तान राममूर्तींचा नियम होता. आज मधला गडी तापाने आला नव्हता, म्हणून नाइलाजाने त्यांनी उमाकांतला उभं केलं होतं.

त्याच्या मागे, दोन कोपऱ्यांत, अप्पाजी आणि सुंदर हे सख्खे भाऊ. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पंधरा वर्षं ते असेच खेळत आले होते, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं एकमेकांशी एक अक्षर न बोलता. आई गेली तेव्हा सुंदर ड्यूटीवर विल्लुपुरमला होता. थोरल्या अप्पाजींनी त्याची वाट न पाहता अग्नी दिला. सुंदरला आईचं तोंड दिसलं नाही. त्या दिवसापासून बोलणं तुटलं, खेळ मात्र तुटला नाही. चेंडू कुणी घ्यायचा हे दोघांना नुसत्या नजरेने कळे. पाहणाऱ्याला वाटे, एकच माणूस दोन रॅकेटींनी खेळतोय.

आता उमाकांत नेमका त्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्यांना एकमेकांचे चेहरे दिसेनात. चेंडू खाली येऊ लागला. समुद्रावरचा वारा त्याला हळूहळू वाहवत नेत होता. वाटत होतं, हा कधी खाली पोचणारच नाही.

"कुणाचा?" उमाकांतने विचारलं. त्या कोर्टावर असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

"सुंदर, तुझा," अप्पाजींच्या तोंडून निघून गेलं.

सुंदरने रॅकेट उचललीच नाही. चेंडू त्याच्या पायाशी मातीत पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

डाव गेला. राममूर्तींनी उमाकांतला बाजूला घेऊन सांगितलं की निदान सहा महिने तरी त्याने रविवारीच यावं. उमाकांतने मान हलवली. चूक आपली होती हे त्यालाही कळत होतं. सुंदर मात्र अजून तिथेच उभा होता, पायाशी पडलेल्या चेंडूकडे पाहत.

"अण्णा," तो थोरल्या भावाकडे न पाहता आपल्या घरच्या जुन्या मराठीत म्हणाला, "शेवटीं आईनें मला विचारिलें होतें का?"

अप्पाजी कोपऱ्यातून चालत त्याच्याजवळ आले.

"विचारिलें. येतोच आहे, म्हणून सांगितलें मी."

सुंदर चेंडू उचलून घेत खाली बसला. अप्पाजीही त्याच्याशेजारी मातीत बसले. बाकीचे गडी आपापले सदरे उचलून गुपचूप निघून गेले. उमाकांतही निघाला, तेव्हा राममूर्तींनी त्याला फाटकाशी गाठलं.

"उद्या संध्याकाळी साडेपाचला या," ते म्हणाले. "मधल्या जागेवर."